दवाखान्याच्या दारापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत : फार्मसीचा कायदा आणि आपण

बोले ठराव म्हटला की आपल्याला चवदार तळे आठवते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला हा ठराव मंजूर झाला, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केले आणि तो कागद खरा करण्यासाठी १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. हा इतिहास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण त्या ठरावात फक्त पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा नव्हत्या. सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या यांच्याबरोबर दवाखाने हाही शब्द त्यात होता. म्हणजे १९२३ साली मुंबई इलाख्यात, लोकांच्या कराच्या पैशातून चालणाऱ्या दवाखान्यात अस्पृश्याने पाऊल ठेवावे की नाही, यासाठी कौन्सिलात ठराव करावा लागत होता. तळ्याची लढाई आपण लक्षात ठेवली, दवाखान्याची मात्र विसरलो. त्या विसरण्याची किंमत आज आपली पोरे मोजत आहेत असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे या लेखात सांगायचे आहे.

दवाखान्यात काय होत होते याचा पुरावा बाबासाहेबांनीच जपून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टरने वस्तीत येण्यास नकार दिला. नगरशेठने फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर थांबून. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. कंदिलाच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. पुढे औषध पाठवले, पुन्हा पाहायला मात्र आला नाही. ती बाई गेली.

या हकीकतीतला थर्मामीटर सगळ्यांच्या लक्षात राहतो. आम्ही तुमचे लक्ष औषधाकडे वेधतो. औषध आले होते. ते कोणी तयार केले, किती द्यायचे, केव्हा थांबवायचे, त्रास वाढला तर काय करायचे, हे रोग्याजवळ बसून सांगणारे मात्र कोणी नव्हते. औषध आणि औषधाचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विकत मिळते. दुसरी ज्याच्या ताब्यात असते तो ठरवतो की ती कोणाला किती द्यायची.

आता कोणी म्हणेल, वैद्यकी तर या देशात मोठी मानाची विद्या होती. धर्मशास्त्र उघडून पाहा. मनुस्मृती वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळते, त्याच्या हातचे अन्न ब्राह्मणाने खाऊ नये म्हणते आणि चिकित्सेचा धंदा अंबष्ठ नावाच्या संकरजातीकडे ढकलते. कारण उघड आहे. वैद्याला जखम, पू, रक्त, मलमूत्र यांना हात लावावा लागतो. शरीराला भिडणारे काम विटाळाचे ठरले. पण हेच काम इंग्रजी राज्यात पदवी, पगार आणि पाटी घेऊन आले तेव्हा विटाळ कुठे गेला? ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पायऱ्या चढताना तो आड आला नाही. काम हलके असते तोवर ते खालच्या जातीचे, त्याला सनद आणि पैसा चिकटला की वरच्या जातीचे. जातिव्यवस्थेचा हा नियम धर्मग्रंथात लिहिलेला नाही, पण तो कुठल्याही श्लोकापेक्षा जास्त पाळला गेला आहे.

मुंबई प्रांतातच याचे उदाहरण आहे. १९३८ च्या बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्याने देशी वैद्यकीच्या चिकित्सकांची नोंदवही सुरू झाली. वैद्य आणि हकीम यांना सरकारी नोंद मिळाली. चांगले झाले. पण आपल्या महाराष्ट्रात वैद्याच्या शेजारी वैदूही होता. झोळीत मुळ्या, साली आणि पाला घेऊन गावोगाव फिरणारी ही भटकी जमात. ज्ञान दोघांकडेही होते, खरे-खोटेपणाही दोघांकडे होता. एकाच्या ज्ञानाला रजिस्टर मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला पोलीस पाटलाचा संशय आला. वैदूची जडीबुटी शास्त्रशुद्ध होती असा आमचा दावा नाही. आम्ही एवढेच विचारतो की रजिस्टर उघडताना टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण बसले होते.

औषधाच्या आधुनिक कायद्याची सुरुवातही, योगायोगाने, महाडच्याच महिन्यात झाली. मार्च १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये सर हारून जाफर यांनी औषधांच्या तयारीवर आणि विक्रीवर कायद्याने नियंत्रण आणावे असा ठराव मांडला. त्या काळी हिंदुस्थान म्हणजे भेसळ औषधांची हक्काची बाजारपेठ होती. हिवतापाने माणसे मरत होती आणि बाजारात क्विनाइनच्या नावाने कमी ताकदीच्या, भेसळीच्या गोळ्या विकल्या जात होत्या. अशा गोळीचा बळी कोण, हे सांगायला नको. ज्याला डॉक्टर मिळत नाही तोच दुकानातून पुडी घेऊन जातो. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. १९३१ च्या अहवालात तिने दोन गोष्टी एकत्र मागितल्या : औषधांवर नियंत्रण आणि औषध देणाऱ्या माणसाचे शिक्षण व नोंदणी. सरकारने पहिली आधी उचलली. १९४० चा ड्रग्ज कायदा आला, १९४५ मध्ये त्याचे नियम आले. माणसाच्या कायद्याला १९४८ उजाडले.

फार्मसी कायद्यावर ४ मार्च १९४८ ही तारीख आहे. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. म्हणून हा कायदाही बाबासाहेबांनी लिहिला असे सांगण्याचा मोह काही मित्रांना होतो. त्याची गरज नाही. हा विषय आरोग्य खात्याचा होता आणि आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर होत्या. दोनच आठवड्यांपूर्वी, २१ फेब्रुवारी १९४८ ला, बाबासाहेबांनी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केला होता. त्यांच्या नावावर जे आहे तेच एवढे मोठे आहे की उसने श्रेय चिकटवण्याचे कारण नाही. उसने श्रेय दिले की विरोधकाला एक खोटे पकडून दहा खरी नाकारता येतात.

या कायद्यातले ३१ वे कलम आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. पहिल्या नोंदवहीत कोणाचे नाव घालायचे हे ते सांगते. फार्मसीची पदवी किंवा पदविका असलेल्यांचे तर घालायचेच. पण दुसरी पदवी असून तीन वर्षे औषधे बनवण्याचा अनुभव असलेला, कंपाउंडरची परीक्षा पास झालेला आणि कसलीच परीक्षा न देता दवाखान्यात किंवा इस्पितळात पाच वर्षे औषधे कालवण्याचे काम केलेला माणूसही त्यात बसत होता. कायदा म्हणत होता की हाताने शिकलेला माणूसही शिकलेलाच. दवाखान्यात बाटलीला कागदाच्या खुणेची पट्टी डकवून मिक्स्चर भरणारा कंपाउंडर या कलमामुळे एका रात्रीत रजिस्टर्ड फार्मासिस्ट होऊ शकत होता.

प्रश्न असा आहे की १९४८ साली ती पाच वर्षे कोणाच्या खात्यावर होती? ज्या समाजाला १९२३ मध्ये दवाखान्याच्या दारातून आत जाण्यासाठी ठराव लागत होता, ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या हातचे पाण्यात कालवलेले मिक्स्चर गावातल्या सवर्णाने घेतले असते का? दवाखान्यात आपली माणसे होती. झाडू मारायला होती, मैला काढायला होती, प्रेत उचलायला होती. औषधाच्या टेबलापाशी ती अपवादानेच पोहोचली. म्हणून अनुभवाला मान देणारे हे उदार कलम ज्यांना आधीपासून आत घेतले होते त्यांच्यासाठीच उदार ठरले. कायद्यात जातीचा एक शब्द नाही. तरीही जातीने आधीच वाटून ठेवलेला अनुभव त्याने जसाच्या तसा नोंदवहीत उतरवून घेतला. पुढे फाळणीचे निर्वासित आणि परदेशातून परत आलेले लोक यांच्यासाठी कलम ३२ मध्ये १९५९ आणि १९७६ ला खास सवलतीच्या तरतुदी जोडल्या गेल्या. त्यांच्यावर संकट आले होते, सवलत योग्यच होती. पण संकट पाहून नोंदवहीचे दार किलकिले करता येते हे सरकारला माहीत होते, एवढे यातून सिद्ध होते.

इथे आमच्यातलेच काही जण म्हणतात की मग हा कायदाच मनुवादी आहे. पदवी, नोंदणी, परवाना या सगळ्या ब्राह्मणी भिंती आहेत, पाडा त्या. हे म्हणणे ऐकायला जोरकस वाटते, पण ते आम्हाला मान्य नाही. भिंत नसेल तेव्हा काय होते ते क्विनाइनच्या बाजाराने दाखवून दिले आहे. मुक्त बाजारात खोटी गोळी श्रीमंताच्या घरी जात नाही, ती वस्तीत येते. शिवाय भिंतीला दार असेल तर त्या दाराची किल्ली मागता येते. मॅट्रिकच्या पुढच्या शिक्षणासाठी अस्पृश्य विद्यार्थ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसून बाबासाहेबांनी १९४२ मध्ये दिलेले निवेदन होते. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेली पहिली पिढी फार्मसीतही आली. तिला नोकरी मिळाली ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून, कामगार विम्याच्या दवाखान्यात, महापालिकेच्या इस्पितळात. म्हणजे जिथे पद मंजूर होते आणि पदाला आरक्षण होते तिथे. नोंदणीची अट नसती तर त्या खुर्चीवर सरपंचाचा भाचा बसला असता.

तेव्हा आमचे भांडण कायद्याशी नाही. तो कसा वापरला गेला याच्याशी आहे, आणि ते समजण्यासाठी ४२ वे कलम पाहिले पाहिजे.

कलम ४२ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणीही तयार करू नये, कालवू नये, देऊ नये. हा या कायद्याचा कणाच. पण ते कधीपासून लागू करायचे हे १९४८ मध्ये राज्य सरकारांवर सोडले. तारीख ठरवायची तर दुकानदार नाराज होणार, म्हणून अनेक राज्यांनी ती ठरवलीच नाही. शेवटी संसदेला १९७६ च्या दुरुस्तीत मुदत घालावी लागली आणि तीही पुढे वाढवून आठ वर्षांची केली गेली. ज्या राज्याने तोवर तारीख ठरवली नव्हती तिथे हे कलम १ सप्टेंबर १९८४ पासून लागू झाले. कायदा १९४८ चा आणि त्याचा कणा १९८४ ला बसला. मधली छत्तीस वर्षे! इतका धीर सरकारने आमच्या कुठल्या मागणीबाबत मागितला असता तर तेच लोक म्हणाले असते की किती वर्षे सवलती घेणार.

या कलमाला एक अपवाद आहे. डॉक्टर स्वतःच्या रोग्याला स्वतः औषध देऊ शकतो. शिवाय ड्रग्ज नियमांच्या परिशिष्ट 'के'नुसार हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, खोकल्याचे औषध, मलम असली घरगुती औषधे परवान्याशिवाय विकता येतात. अपवाद गरजेतून आले हे खरे. पण नकाशावर ते कुठे पडतात पाहा. वाडी, तांडा, पाडा. शहरातल्या रोग्याला डॉक्टर आणि फार्मासिस्ट अशा दोन जोड्या डोळ्यांची तपासणी मिळावी आणि तांड्यावरच्या बाईला किराणा दुकानदाराच्या अंदाजाने गोळी मिळावी, ही कायद्यातलीच सोय आहे. जिथे माणूस पाठवायला हवा होता तिथे सूट पाठवली.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. ती बोलायला अवघड आहे, कारण तिच्यात आपली पोरे आहेत.

मेडिकल दुकानाचा परवाना मिळवायला किमान दहा चौरस मीटर जागा, फ्रिज, भांडवल आणि एक नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. बाजारपेठेत जागा आणि भांडवल पिढीजात व्यापारी घरांकडे आहे. प्रमाणपत्र आपल्या पोराकडे आहे. मग सौदा ठरतो. पोराचे प्रमाणपत्र भिंतीवर काचेच्या चौकटीत लटकते, महिन्याला काही हजार रुपये त्याला मिळतात आणि तो दुसरीकडे काम करतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. काउंटरवर दहावी-बारावी झालेला दुसराच मुलगा चिठ्ठी वाचून औषध देतो. तोही बहुधा बहुजनच. बापाने कर्ज काढून शिकवले, आईने शेतमजुरी केली, त्या शिक्षणाचे शेवटी भाडे झाले. वतनाच्या जमिनीसारखेच. नाव आपले आणि पीक दुसऱ्याचे.

या सौद्यात धोका कोणाला आहे ते नीट समजून घ्या. कलम ४२ ची शिक्षा औषध देणाऱ्या माणसाला आहे, म्हणजे काउंटरवरच्या पोराला. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्याचे नाव गैरवर्तनासाठी कलम ३६ खाली नोंदवहीतून काढता येते, म्हणजे त्याचे शिक्षण एका सहीने शून्य. आणि मालक? ड्रग्ज नियमांखाली त्याचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, पण आपण पाहतो ते बहुतेक वेळा काही दिवसांचे निलंबन असते. दुकान पुन्हा उघडते, भिंतीवर नवीन चौकट येते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कलम ४२ ची तुरुंगवासाची मर्यादा सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली आणि दंड एक हजारावरून दोन लाखांपर्यंत नेला. ऐकायला हे कडक वाटते. पण दोन लाखांचा दंड दुकानमालकाला एक हंगाम असतो आणि काउंटरवरच्या पोराला आयुष्य.

महाराष्ट्रात हा कायदा खरोखर राबवण्याचा प्रयत्न एकदा झाला. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि ग्राहकाला बिल दिलेच पाहिजे, असा आग्रह धरला. केमिस्टांच्या संघटनांनी बंदची हत्यारे उपसली. कायद्यात आधीपासून लिहिलेली गोष्ट पाळा म्हटले तर औषधे बंद ठेवू, असा हा पवित्रा होता. त्या वेळी फार्मसी झालेल्या आपल्या हजारो तरुणांनी रस्त्यावर उतरून म्हणायला हवे होते की ही आमच्या नोकरीची लढाई आहे. प्रत्येक दुकानात प्रत्यक्ष हजर फार्मासिस्ट म्हणजे प्रत्येक दुकानात एक खरा पगार. आपली संघटित ताकद त्या लढाईत दिसली नाही. पुतळे, नामांतर, अत्याचार या प्रश्नांवर आपण एका हाकेत गोळा होतो आणि ते योग्यच आहे. पोटाच्या कायद्यावर मात्र आपल्याला हाक द्यायला अजून कोणी शिकवलेले नाही.

२९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुकेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात हाच मुद्दा उचलला. सरकारी इस्पितळांत आणि दुकानांत नोंदणी नसलेले किंवा बनावट फार्मासिस्ट काम करतात अशी याचिका पाटणा उच्च न्यायालयाने वरवर पाहून निकाली काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पुन्हा सुनावणी करायला सांगितले आणि नागरिकांच्या आरोग्याशी व जीविताशी खेळ करण्याची मुभा राज्य सरकारला आणि फार्मसी कौन्सिलला नाही असे बजावले. हा निकाल बिहारपुरता नाही, कलम ४२ सगळ्या देशाला सारखेच लागू आहे.

दुसरीकडे कॉलेजांचा बाजार तेजीत आहे. कॉलेजे गरजेपेक्षा जास्त झाली म्हणून फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षे बंदी घातली. संस्थाचालक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षणसंस्था काढणे हा मूलभूत हक्क आहे, त्याला नुसत्या ठरावाने अडवता येत नाही, कायदा हवा. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण त्यानंतर तालुक्या-तालुक्यात डी. फार्म.चे फलक लागले. तेव्हा संस्था काढण्याच्या हक्काचे कवच मिळाले, त्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या पोराच्या नोकरीला मात्र असले कवच नाही. त्याला उलट आता एक्झिट परीक्षा आहे. २०२२ च्या नियमांनुसार डिप्लोमा होऊनही तीन पेपरांत प्रत्येकी पन्नास टक्के मिळवल्याशिवाय नोंदणी नाही. परीक्षेला आमचा विरोध नाही. कमकुवत शिकवणाऱ्या कॉलेजला हात न लावता तिथे फसलेल्या विद्यार्थ्याला गाळणे याला विरोध आहे. शिष्यवृत्तीची रक्कम कॉलेजने घ्यायची आणि नापासाचा शिक्का पोराने.

म्हणून ज्या मित्रांचे फार्मसी झाले आहे आणि ज्या कार्यकर्त्यांच्या तालुक्यात मेडिकल दुकाने आहेत, त्यांना आमचे सांगणे साधे आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीप्रमाणे कामावरच्या फार्मासिस्टने पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावायचा असतो, रोग्याला औषधाविषयी समजावून सांगायचे असते. तुमच्या तालुक्यात किती दुकानांत असा बिल्ला दिसतो ते फिरून पाहा. मग जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारा : तालुक्यात किरकोळ विक्रीचे परवाने किती, प्रत्येकावर कोणाचा नोंदणी क्रमांक, गेल्या तीन वर्षांत तपासण्या किती, फार्मासिस्ट गैरहजर म्हणून निलंबन किती दिवसांचे. जिल्हा परिषदेला विचारा की औषध निर्माण अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, रिकामी किती आणि त्यातला अनुसूचित जातींचा अनुशेष किती. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस.